अलास्का क्रूझ : बंदरावर उतरल्यावर फज आणि गोड खाऊ कुठून, कसा घ्यावा?

सागरवेडी

नमस्कार मंडळी,

अलास्का क्रूझबद्दल इथे बरंच लिहून झालंय. कुठल्या महिन्यात जावं, बाल्कनीची केबिन घ्यावी का, व्हेल कुठे दिसतात, सगळं आहे. घरी न्यायच्या खाऊबद्दल मात्र सविस्तर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आम्ही सिॲटलजवळ राहतो. उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतं आणि अलास्काचा बेत ठरलेला असतो. मग सगळ्यांचा एकच प्रश्न : ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत वाटायला काय न्यायचं? माझं उत्तर फज. आणि तो जहाजावरच्या दुकानातला नको, विमानतळावरचा तर नकोच. ज्या गावात उतरलात तिथे शिजवलेला घ्या.

ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी : साखर, लोणी, दूध किंवा क्रीम आटवून, घोटून, थापून केलेली वडी. आपल्या खव्याच्या बर्फीच्या जवळची, पण जास्त मऊ आणि लोण्याचा वास असलेली. चॉकलेट, व्हॅनिला, मेपल-अक्रोड, पीनट बटर हे नेहमीचे प्रकार. विक्री वजनावर होते, पाव पाउंड (सुमारे ११३ ग्रॅम), अर्धा पाउंड, एक पाउंड अशी. चव बघायला मागितली तर सुरीच्या टोकावर पातळ चकती देतात. मागायला लाजू नका, ती पद्धतच आहे.

सिॲटलहून निघणाऱ्या बहुतेक जहाजांचा मार्ग साधारण सारखा असतो. केचिकान, जुनो, स्कॅग्वे किंवा सिट्का, एक दिवस हिमनदी आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया.

केचिकानमध्ये मिशन स्ट्रीटवर 'केचिकँडीज' आहे, जहाजापासून अगदी जवळ. फजपेक्षा तिथली हाताने बुडवलेली चॉकलेटं जास्त चांगली वाटतात. केचिकानला पाऊस जवळजवळ रोजचाच, त्यामुळे कागदी पिशवीवर विसंबू नका.

जुनोमध्ये साउथ फ्रँकलिन स्ट्रीटवर 'अलास्कन फज कंपनी' आहे. जहाजातून उतरून गावाकडे चालायला लागलं की याच रस्त्याने जावं लागतं. दुपारी दोननंतर सगळ्या सहली एकदम परततात आणि गर्दी होते, म्हणून खरेदी सकाळी उरका.

स्कॅग्वे माझं सगळ्यात आवडतं. हजार-बाराशे वस्तीचं गाव. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइक भागातल्या सोन्यासाठी हजारो माणसं इथून डोंगर चढून गेली. पलीकडे कॅनडाच्या हद्दीत शिरायचं तर वर्षभराचा शिधा, एकूण सामान जवळजवळ एक टन, बरोबर असल्याशिवाय तिथले पोलीस पुढे सोडत नसत. पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, शेंगाबिया आणि साखर, सगळं पाठीवर वाहून एकाच चढावर पुन्हा पुन्हा खेपा घालायच्या. त्या गावात उभं राहून साखरेची वडी खाताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. 'कोन कंपनी' नावाचं आइसक्रीम आणि फजचं दुकान तिथे आहे. मुलांना आइसक्रीम, आपल्याला फज.

अलास्काच्याच मातीतलं काही हवं असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. एक, बर्च झाडाच्या रसाचा पाक. मेपलचा एक लिटर पाक करायला साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो, बर्चचा करायला १०० लिटरच्या आसपास. म्हणून तो महाग असतो. चव काकवीसारखी गडद. त्याच्या गोळ्या आणि कॅरमेलही मिळतात. दुसरी, फायरवीड या गुलाबी रानफुलाची जेली किंवा मध.

वेष्टनावर 'मेड इन अलास्का'चं अस्वल आणि पिल्लाचं चिन्ह दिसलं तर वस्तू खरोखर त्या राज्यात बनलेली आहे. बाहेर फक्त अलास्काचं चित्र आणि आत कुठलातरी भलताच माल, असं पुष्कळ मिळतं. डबा उलटा करून मागचं वाचा.

तुमचे अनुभव लिहा. व्हिक्टोरियाबद्दल तिथल्या कोणी लिहिलं तर फार बरं होईल.

वरणभात_लिंबू

अगदी वेळेवर धागा काढलात ताई. ऑगस्टमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन जातोय. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. फजमध्ये अंडं किंवा जिलेटिन असतं का? दुकानदाराला नेमकं काय विचारायचं? नुसतं 'व्हेजिटेरियन का' विचारलं तर कोणीही हो म्हणतं.

सागरवेडी

@वरणभात_लिंबू, साध्या चॉकलेट, व्हॅनिला किंवा मेपल फजमध्ये सहसा दोन्ही नसतं. सांभाळायचं ते इथे :

'रॉकी रोड' नावाचा फज टाळा. त्यात मार्शमॅलोचे तुकडे असतात आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेलं. काही दुकानं साध्या फजलाही मऊपणा यावा म्हणून मार्शमॅलो क्रीम घालतात. त्यात जिलेटिन नसलं तरी अंड्याचा पांढरा बलक असतो. म्हणून प्रश्न असा विचारा : "यात मार्शमॅलो, मार्शमॅलो क्रीम, जिलेटिन किंवा अंडं आहे का?" ॲलर्जीमुळे अंड्याबद्दलचं उत्तर ते जबाबदारीने देतात, यादी काढून दाखवतात.

'डिव्हिनिटी' नावाची पांढरी मिठाई अंड्याच्या पांढऱ्या बलकाचीच असते. 'सॉल्ट वॉटर टॅफी', म्हणजे कागदात गुंडाळलेल्या रंगीत चिवट गोळ्या, काहींत अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटिन असतं, काहींत नसतं. चकचकीत लेप दिलेल्या बदामांवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असेल तर ती लाख असते, किड्यापासून मिळणारी. लाल रंगासाठी 'कारमाइन' लिहिलेलं असेल तर तोही किड्यापासूनचाच. सासूबाईंना काय चालतं ते तुम्ही ठरवा, पण माहीत असलेलं बरं.

अवांतर : ते भारतीय पासपोर्टवर येत असतील आणि जहाज व्हिक्टोरियाला थांबणार असेल तर त्यांचा कॅनडाचा व्हिसा आधी काढा. यात वेळ जातो.

वरणभात_लिंबू

व्हिसाचं डोक्यातच नव्हतं! आजच कामाला लागते. खूप खूप धन्यवाद.

टेकडीवरचा

थोडा वेगळा सूर लावतो. अमेरिकेतल्या प्रत्येक पर्यटनस्थळी, समुद्रकिनारी, डोंगरावर, धबधब्याजवळ फजचं दुकान असतंच. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तयार मिश्रणाच्या पिशव्या येतात. त्यात पाणी आणि लोणी घालून यंत्रात गरम करायचं, साच्यात ओतायचं, झालं. ओरेगनमध्ये खाल्लेला आणि अलास्कात खाल्लेला फज मला डोळे मिटून वेगळा ओळखता आला नसता. मग जहाजातून उतरल्यावरचे मोजके तास मिठाईच्या रांगेत का घालवायचे? तेवढ्यात एखादी टेकडी चढून होते.

पाकनिष्ठ

टेकडीवरचा यांचा मुद्दा खरा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. तयार मिश्रण वाईटच असतं असं नाही, पण फजची सगळी कारागिरी पाकात आहे. मिश्रण वापरलं की तीच निघून जाते.

फजचा पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. आपण ज्याला गोळीबंद पाक म्हणतो, तोच. थंड पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी वळली पाहिजे. इथपर्यंत कोणालाही जमतं. कसोटी पुढे आहे. गरम असताना ढवळलं तर साखरेचे मोठे खडे धरतात आणि वडी जिभेवर रवाळ, वाळूसारखी लागते. म्हणून घरी करताना पाक न हलवता ४५ अंशांच्या आसपास निवू द्यायचा आणि मग जोर लावून घोटायचा. अशा वेळी एकदम असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, इतके बारीक की जिभेला कळत नाहीत. चकाकी जाऊन मिश्रण मंद झालं की थांबायचं. एखादा मिनिट पुढे गेलं तर भुगा होतो.

दुकानात हेच काम संगमरवरी टेबलावर चालतं. कढई टेबलावर ओततात, दगड उष्णता ओढून घेतो, आणि कारागीर लांब दांड्याच्या उलथन्याने कडेचं मिश्रण मध्ये घेत टेबलाभोवती फिरत राहतो. शेवटी लांबट वडा तयार होतो आणि त्याचे काप पाडतात. कापाचा आकार अर्धगोल किंवा पावासारखा असेल तर तो टेबलावर घडवलेला. सरळ कडांची चौकोनी वडी ट्रेमधली. ट्रेमधली चांगली असू शकते, पण टेबल दिसलं तर थांबा आणि बघा.

ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप का घालतात? साखर पुन्हा खडे धरू नये म्हणून. आपण पाकात लिंबू पिळतो ते ह्याच कारणाने.

थोडा इतिहासही. फज फार जुना पदार्थ नाही. १८८६ मध्ये बाल्टिमोरला तो ४० सेंट पाउंडाने विकला जात होता असा उल्लेख एका पत्रात आहे. ते पत्र व्हासर या मुलींच्या कॉलेजातल्या एमलिन हार्ट्रिजचं. तिने ती कृती मिळवून १८८८ मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी ३० पाउंड फज केला. तिथून तो मुलींच्या कॉलेजांमध्ये पसरला. पर्यटकांसमोर संगमरवरावर फज घडवून विकायची परंपरा मुख्यतः मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटाची, तिथलं मर्डिक घराण्याचं दुकान १८८७ चं. तिथे आजही मोटारींना बंदी आहे, माणसं बोटीने येतात आणि फज घेऊन जातात. तेव्हा बोटीचा प्रवास आणि फज हे नातं क्रूझ कंपन्यांनी जोडलेलं नाही, ते आधीपासूनच आहे.

म्हणून टेकडीवरचा यांना सुचवेन की दुकानात शिरल्यावर सरळ विचारा, "इथे शिजवता की मिश्रण येतं?" शिजवणारा माणूस अभिमानाने सांगतो. घटकांच्या यादीत लोणी आणि क्रीम आहे की पामतेल, तेही बघा. उत्तर पटलं नाही तर खुशाल टेकडी चढा.

टेकडीवरचा

@पाकनिष्ठ, कापाच्या आकाराची खूण माहीत नव्हती. आता नक्की बघेन. प्रतिसाद आवडला.

बे_एरियातली_मेघना

पाकनिष्ठ, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मला 'स्थानिक' या शब्दावर थोडं लिहायचंय. जहाजावर बंदरातल्या खरेदीविषयी एक माहितीसत्र असतं आणि नकाशा वाटतात. त्यावर ठळक छापलेली दुकानं जाहिरातीचे पैसे देऊन आलेली असतात. त्यात बहुतेक दागिने आणि घड्याळंच असतात. अशी बरीच दुकानं हंगाम संपला की कुलूप लावून निघून जातात. गावातला माणूस मात्र ऑक्टोबर ते एप्रिल तिथेच असतो, अंधारात आणि पावसात.

जुनोची लोकसंख्या सुमारे ३२ हजार. २०२३ च्या हंगामात तिथे १६ लाखांहून जास्त क्रूझ प्रवासी आले. गावावर याचा ताण येतोच. २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं असा करार झाला आहे. आपण त्या गर्दीतलेच एक असतो. मग निदान खर्च करताना तो गावात राहणाऱ्याच्या हातात पडेल एवढं बघावं, असं मला फार वाटतं. मी दुकानात विचारते, "हिवाळ्यात उघडं असता का?" या एका प्रश्नातून छान गप्पा होतात आणि खरं काय ते कळतं.

हिमनग

व्हिक्टोरियाबद्दल मी लिहितो, व्हँकूवरला राहतो.

आधी, जहाज तिथे थांबतंच का? १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये कुठल्याही परदेशी बंदराला न लागता, त्यांना अमेरिकेतच उतरवू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी नोंदणीची. म्हणून सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या जहाजाला कॅनडात थांबावं लागतं. थांबा बहुधा संध्याकाळी उशिरा आणि काही तासांचाच असतो.

आता खाऊ. गव्हर्नमेंट स्ट्रीटवर 'रॉजर्स चॉकलेट्स' आहे. चार्ल्स रॉजर्स मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, व्हिक्टोरियात किराणा दुकान चालवायचा आणि सॅन फ्रान्सिस्कोहून चॉकलेटं मागवायचा. पुढे स्वतःच बनवायला लागला. सुरुवात १८८५ ची. आताची इमारत १९०३ ची, आणि ती कॅनडाचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे. आत शिरल्यावर लाकडी कपाटं आणि रंगीत काचा बघत दोन मिनिटं नुसते उभे राहा. घ्यायचं ते 'व्हिक्टोरिया क्रीम'. गडद चॉकलेटच्या आवरणात मऊ क्रीम भरलेलं, एकेक कागदात गुंडाळलेलं. वाटायलाही सोयीचं.

बंदर ओग्डन पॉइंटला, गावापासून साधारण अर्ध्या तासाच्या चालीवर. दुकान किती वाजता बंद होतं हे त्याच दिवशी सकाळी जहाजावरूनच बघून ठेवा. जहाज आठला लागलं आणि उतरायला नऊ वाजले तर हाती काहीच लागत नाही.

नानाइमो बार हाही इथलाच, व्हिक्टोरिया ज्या बेटावर आहे, त्याच बेटावरच्या नानाइमो गावाचा. खाली बिस्किटचुरा आणि खोबरं, मध्ये कस्टर्डच्या चवीचं लोण्याचं क्रीम, वर चॉकलेट. भाजावा लागत नाही. पण पारंपरिक कृतीत खालच्या थरात अंडं असतं, म्हणून वरणभात_लिंबू यांनी विचारून घ्यावा. तो जास्त दिवस टिकतही नाही, जहाजावरच संपवायचा.

आणि मुलं बरोबर असतील तर हे नक्की वाचा. कॅनडात 'किंडर सरप्राइज' अंडी सर्रास मिळतात, ज्यांत चॉकलेटच्या पोटात खेळणं असतं. ती अमेरिकेत नेता येत नाहीत. खाद्यपदार्थाच्या आत न खाण्याजोगी वस्तू दडवायला १९३८ च्या कायद्याने बंदी आहे, सीमाशुल्क अधिकारी ती काढून घेतात. भारतात मिळतं ते 'किंडर जॉय' वेगळं, त्यात खेळणं आणि खाऊ दोन वेगळ्या कप्प्यांत असतात, त्याला अडचण नाही. मुलाच्या हातातून काढून घेण्यापेक्षा आधीच इथे बसून खाऊन टाकलेलं चांगलं.

सागरवेडी

@हिमनग, हेच हवं होतं! मनापासून आभार.

सिॲटलला उतरतानाचं मी जोडते. शेवटचं बंदर कॅनडातलं असल्यामुळे अमेरिकेचं सीमाशुल्क लागतं. सगळा खाऊ जाहीर करा. फज, चॉकलेट, गोळ्या यांना कोणी हरकत घेत नाही. फळं आणि मांसाच्या पदार्थांवर कडक नियम आहेत, केबिनमधलं सफरचंदही पिशवीत राहू देऊ नका.

बंदरातून जहाजावर परत चढताना दुकानाच्या बंद वेष्टनातली मिठाई नेऊ देतात. उघडी, घरी केलेली किंवा ताटलीतली वस्तू बऱ्याच कंपन्या अडवतात. म्हणून दुकानात "डबा चिकटपट्टी लावून बंद करून द्या" असं सांगा. दारू भरलेली चॉकलेटं घेत असाल तर आपल्या कंपनीचा नियम आधी वाचा.

विमानात फज हातातल्या बॅगेत चालतो, कारण तो घन पदार्थ आहे. मोठा ठोकळा स्कॅनरवर दाट दिसतो आणि बॅग उघडायला सांगू शकतात, तेव्हा तो वरच ठेवा. बर्चचा पाक, जेली, मध हे मात्र द्रव धरतात. १०० मिलिलिटरहून मोठी बाटली चेक-इनमध्येच टाका.

मुरगावकर

अलास्काला गेलेलो नाही, पण मुंबई–गोवा क्रूझची मंडळी आमच्याकडे मुरगाव बंदरात उतरतात तेव्हा हाच प्रश्न विचारतात, म्हणून लिहितो. फजच्या जवळ जाणारी गोव्याची वस्तू म्हणजे दोस. चण्याची डाळ, खोबरं आणि साखर एकत्र आटवून थापलेल्या वड्या. घरोघरी नाताळात होतात. त्यात अंडं नसतं. दोदोलही चालेल : तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. पेराद म्हणजे पेरूची घट्ट वडी, ती बरेच दिवस टिकते.

बेबिंका या गोव्याच्या थरांच्या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ती अंड्याच्या पिवळ्या बलकाची असते. बेबिंका करणारा एक थर भाजून झाल्यावरच पुढचा ओततो, वरून निखारे देतो, अर्धा दिवस जातो. खोक्यातली घेण्याआधी वास्कोच्या किंवा मडगावच्या बेकरीत जाऊन ताजी कापलेली घ्या. तुपाचा आणि जायफळाचा वास आला पाहिजे.

रेवती_पुणे

मुरगावकर, दोसचा उल्लेख वाचून फार बरं वाटलं, माझी आजी करायची.

एक व्यावहारिक शंका. मुलगी जुलैत अलास्काहून परतल्यावर थेट पुण्याला येणार आहे. भर पावसाळा. फज टिकेल का? फ्रीजमध्ये ठेवू की बाहेर? आणि पाकनिष्ठ, घरी करून बघायचा असेल तर थर्मामीटरवर ११४ दिसलं की उतरवायचं ना?

पाकनिष्ठ

@रेवती_पुणे, नीट गुंडाळलेला फज खोलीच्या तापमानाला दोन आठवडे तरी चांगला राहतो. फ्रीजमध्ये उघडा ठेवू नका, कोरडा पडतो आणि इतर वास धरतो. पावसाळ्यात उलट अडचण : साखर हवेतली ओल ओढते आणि वडी चिकट होते. मुलीला सांगा की प्रत्येक काप वेगळा मेणकागदात गुंडाळून हवाबंद डब्यात आणायचा. आठवड्याभरात संपणार नसेल तर डबाच फ्रीझरमध्ये ठेवा, महिना-दोन महिने काही होत नाही. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर सगळं पाणी वडीवर धरतं.

थर्मामीटरचं चांगलं विचारलंत. परदेशी कृतींतले आकडे समुद्रसपाटीचे असतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढेच दोन अंश पाकातूनही वजा करायचे, म्हणजे ११४ ऐवजी ११२ ला उतरवा. आधी नुसतं पाणी उकळून तुमचं थर्मामीटर किती दाखवतं ते बघा आणि १०० मधून तो आकडा वजा करा. जो फरक येईल तो कृतीतल्या आकड्यातून कमी करा, म्हणजे थर्मामीटरची चूकही त्यातच भरून निघेल. तरीही वाटीभर थंड पाणी शेजारी ठेवाच. गोळी बोटात मऊ वळली आणि पाण्याबाहेर काढल्यावर किंचित चपटी झाली, की कढई खाली.